चित्र नाही, आवाज येतो

…आणि तो पांढरा त्रिकोण. काळ्या चौकटीच्या बरोबर मधोमध, ज्वारीच्या दाण्याएवढा. बोट टेकवलं की तो नाहीसा होतो आणि मग खाली एक लाल रेघ मुंगीसारखी पुढं पुढं सरकू लागते — म्हणजे आत काहीतरी चाललंय, कोणीतरी आहे, बोलतंय — पण चौकट काळीच. इंदुबाईंनी पदरानं फोनची काच पुसली. बोटाला सकाळी शिजवलेल्या ज्वारीच्या घाट्याचा पापुद्रा वाळून चिकटला होता, तो नखानं खरवडला, बोट पुन्हा पुसलं, पुन्हा टेकवलं. काळंच. काळ्यातून त्यांचाच आवाज आला, 'ज्वारी तीन दिवस भिजवायची…', आणि त्यांनी तो लगेच बंद केला. आवाजाचं काय, तो त्यांना जन्मभर ऐकू येत होता. त्यांना चेहरा पाहायचा होता. चेहरा दिसतो की नाही, एवढंच.

सुनेच्या, स्वातीच्या फोनवर दिसत होता. अगदी लख्ख. गच्चीवर अंथरलेली ओली धोतरं, त्यांच्यावर ओळीनं थापलेले बिबडे, ज्वारीचे पापडच ते, मागं शेजारच्या लूमच्या कारखान्याचा पत्रा, आणि मधे बसलेल्या इंदुबाई, पदर खोचलेला, हात मनगटापर्यंत ज्वारीच्या घाट्यानं माखलेले. गेल्या आठवड्यात सुनेनं तिच्या नव्या फोनवर हा व्हिडिओ काढला होता. मग चार दिवस खपून तिनं 'इंदुबाईंचे बिबडे' असं पेज बनवलं — ती साड्यांच्या दुकानांची पेजं बनवून देते, उधन्याला क्लास केला होता तिनं — आणि काल संध्याकाळी त्याची लिंक भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकली. अमळनेर-पारोळ्याकडून निघून सुरतेत आणि आसपास, लिंबायतला, कडोदऱ्याला, कामरेजला, हजीऱ्याला जाऊन पसरलेली सगळी घरं त्या ग्रुपमध्ये. सगळी म्हणजे सगळीच.

आणि सकाळी चहाच्या वेळेला कामरेजच्या निंबाचा निरोप : 'वहिनी, आवाज येतो, चित्र नाही.'

तेव्हापासून हे चाललं होतं.

"तुमचा फोन जुना झालाय, आई," स्वाती लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली. "निंबाकाकांचा पण जुनाच असणार."

"फोन जुना, मी जुनी, निंबा जुना. नवं एकटं तुझंच पेज."

"मी कुठं तसं म्हटलं?"

"मग काय म्हटलं?"

स्वातीची बोटं कीबोर्डवर चालूच. ही तिची रीत. अंगाला लावून घ्यायचं नाही आणि टाइप करत राहायचं. इंदुबाईंना या सुनेचा राग यायचा तो याच गोष्टीचा, की भांडायला गेलं तर समोर कोणी नसायचंच. गणेशनं बायको केली ती सुरतेतच जन्मलेली, गिऱ्हाइकाशी गुजरातीत बोलणारी, 'हां बेन, थई जशे' म्हणत फोन ठेवणारी. पण कामाची होती. हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हत्या.

"ग्रुपमधल्या किती जणांनी बघितलं?" त्यांनी विचारलं. आवाज शक्य तितका सरळ ठेवून.

स्वातीनं तिचा फोन पुढं केला. निरोपावर बोट दाबून धरलं की खाली नावांची यादी येते, कोणी वाचला, कोणाला नुसता पोचला, हे स्वातीनंच काल रात्री दाखवलं होतं. इंदुबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या. अक्षर अक्षर लावून वाचावं लागतं, पण एक नाव त्यांना वाचावं लागत नाही, ते दिसतं — 'व'ला पहिली वेलांटी, मग काना, मग 'स'. ते वरच्या नावांत नव्हतं. खालच्यांत होतं. पोचलंय, वाचलेलं नाही.

म्हणजे अजून वेळ आहे.

"तू ते नीट कर," त्या म्हणाल्या. "आज. गिऱ्हाइक काळी पाटी बघून बिबडे घेणार आहे का?"

गिऱ्हाइक! मी गिऱ्हाइकासाठी गच्चीवर बसून तोंड दाखवलं असतं होय? बिबडे मी करतेय ते इथं आले तेव्हापासून, दोन पोरं मांडीवर होती तेव्हापासून, आणि त्यांना फोटोची गरज कधी पडली नाही. लिंबायतच्या या गल्लीत बारा महिने लूमची खडखड, एक मशीन थांबलं तरी झोपेतून जाग यावी अशी, आणि एप्रिलात त्या खडखडीत माझी गच्ची. मोठ्या पातेल्यात घाटा रटरटायचा आणि पोरं जिन्यावर वाट बघत बसायची, गरम घाटा तेल घालून वाटीत मिळायचा म्हणून. गणेशला तो आवडायचा. विकासला नाही. विकासला लागायचा तो अर्धवट वाळलेला बिबडा. वरून कोरडा, आतून अजून मऊ, आंबुस. दुपारी तीनच्या सुमाराला बरोबर तसा होतो, त्याआधी नाही, त्यानंतर नाही. तेवढ्या वेळात तो गच्चीवर येऊन धोतरावरून सोलून घ्यायचा आणि मी खालून ओरडायची, 'मोज रे, किती खाल्लेस ते मोज!' आणि तो वरून ओरडायचा, 'दोन!' — आठ खाल्लेले असायचे. तिथं धोतरावर आठ गोल ओले डाग असायचे.

"हे बघा, आता?" स्वाती म्हणाली.

इंदुबाईंनी त्रिकोण दाबला. मुंगी निघाली. काळं.

दुपारपर्यंत स्वातीनं काय काय केलं ते इंदुबाईंना कळलं नाही, पण ती काय करत नव्हती ते कळत होतं. तिनं चौकट मोठी केली, मग लहान केली. फोनमधलं जुनं साठलेलं पुसून टाकायला लावलं. व्हिडिओ आपोआप सुरू व्हावा असं केलं, मग तसं होऊ नये असं केलं. दर वेळी आपल्या फोनवर बघायची, दिसायचं, 'माझ्याकडे तर येतंय' म्हणायची, आणि मग इंदुबाईंचा फोन काळा. पुन्हा तेच. हे म्हणजे कापडाच्या ताक्यात दोष निघाला की कारखान्याच्या मास्तरनं पुन्हा पुन्हा त्याच मशीनवर कापड काढून बघावं तसं झालं. आणि दोष कसा शोधायचा हे मला कोणी शिकवू नये.

अठरा वर्षं इंदुबाईंनी ताका चेकिंगचं काम केलं होतं. तिरकं टेबल, टेबलाला काच, काचेखाली ट्यूबलाइट, आणि वरून कापड ओढत न्यायचं. उजेड खालून येतो आणि कापड जे लपवतं ते सगळं दिसतं : तुटलेला ताणा, सुटलेला बाणा, तेलाचा डाग, जाळी. बाकीच्या बायका दोष दिसला की खूण करून पुढं जायच्या. इंदुबाई थांबायच्या. दोष कापडात आहे की सुतात की मशीनमध्ये? हे कळत नाही तोपर्यंत खूण करून उपयोग काय, उद्या पुन्हा तोच दोष येणार. मग त्या मास्तरशी भांडायच्या : तेच सूत दुसऱ्या मशीनवर चढवा. दोष गेला तर मशीन खराब. दोष तिथंही आला तर सूत खराब. मास्तर म्हणायचा, 'इंदुबाई, तुम्ही चेकिंगला आहात, चेकिंग करा,' आणि दोन दिवसांनी गुपचूप सूत दुसऱ्या मशीनवर चढवायचा.

त्यांनी चप्पल घातली.

"कुठं चाललात उन्हात?"

"सूत दुसऱ्या मशीनवर चढवायला."

चौथ्या घरातल्या प्रमिलाबाई अकोल्याकडच्या. ओट्यावर बसून साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम करत होत्या, मांडीवर निळी साडी पसरलेली, बोटांना गोंद.

"काहून वं इंदुबाई, भर उन्हात फोन घेऊन फिरून राह्यली? पोरगा हरवला का?"

असं काहीतरी कोणी सहज बोलतं. त्याचा अर्थ काही नसतो. पण इंदुबाई जरा जास्तच कडक आवाजात म्हणाल्या, "तुमच्या सुनेचा फोन द्या. आणि गोंदाचे हात लावू नका त्याला."

"माह्याच घरचा फोन, अन् मलेच सांगते हात लावू नको!" प्रमिलाबाई हसल्या, आणि सुनेला हाक मारली.

त्या सुनेनं लिंक उघडली. चौकट. त्रिकोण. मुंगी. काळं. इंदुबाईंना का कोण जाणे बरं वाटलं, आपला एकटीचाच फोन मेलेला नाही म्हणून. मग त्या पोरीनं स्वतःहून, 'थांबा मावशी, या दुसऱ्यातून बघते,' म्हणत दुसऱ्याच एका चित्रावर बोट ठेवलं आणि तीच लिंक तिथं उघडली. फोन तोच, हात तोच, ओटाही तोच, आणि चौकटीत लख्ख ऊन आलं. धोतरं. बिबडे. आणि मी.

"अगं बया," प्रमिलाबाई पुढं झुकल्या, "काय रुबाबात बसली वं! जशी काही गच्चीची मालकीणच!"

"गच्ची माझीच आहे."

"तेच तं म्हणते."

इंदुबाईंनी नीट बघितलं नाही. बघायचं ते बघून झालं होतं. फोन एकच आणि त्यातून बघायच्या जागा दोन — एक फोनबरोबरच आलेली, एक पोरीनं मागाहून टाकलेली — एकीतून दिसतं, एकीतून नाही. म्हणजे दोष फोनचा नाही. जुना-नवा काही नाही. सूत ठीक, एकाच जातीच्या मशीनला ते चालत नाही. त्या परत फिरल्या. प्रमिलाबाई मागून 'चहा तरी घेऊन जा' म्हणत होत्या ते कानावर आलं आणि मागं राहिलं.

गल्लीत दोन्हीकडून लूम वाजत होते. उन्हाचा कडाका इतका की कारखान्यांच्या दारांत ओली गोणपाटं लटकवलेली, त्यांच्या फटींतून खडखड आणि गरम वाफ बाहेर येत होती. इथं, या गल्लीच्या तोंडाशी, सहा वर्षांपूर्वी रिक्षा उभी राहिली होती आणि मी गच्चीवरून बघितलं होतं. विकास उतरला आणि मागून ती. चैताली. निळसर ड्रेस, केस घट्ट बांधलेले. उधन्याच्या रेल्वे क्वार्टरमधली, नागनाथ गँगमनची मुलगी. ती कुणाच्यातली हे मी कधी तोंडानं विचारलं नाही, आणि न विचारता मला कळलेलं होतं.

मी एक शब्द बोलले का? विचारा कोणालाही. गणेशला विचारा. सगळे म्हणतात, इंदुबाईंनी पोराला घालवलं. काय बोलले मी? शिवी दिली? चल नीघ म्हटलं? माझ्या जिभेला सगळी गल्ली घाबरते, हो, पण त्या दिवशी मी जीभ उचलली नाही. बिबडे थापत होते. ते दोघं वर आले. विकासनं सवयीनं धोतरावरचा एक सोलला, तीन वाजलेच होते, आणि दातानं तोडला. ती पोरगी माझ्याजवळ बसली, बाह्या वर केल्या, म्हणाली, 'आई, मी थापू का?' — आणि हात पुढं केला, पातेल्याकडं. आणि मी…

पातेलं उचललं. काठाला धरून, काठ अजून गरम होता. उचललं आणि माझ्या दुसऱ्या बाजूला ठेवलं.

एवढंच. पाणी सांडावं इतकाही आवाज झाला नाही. तिचा हात तसाच राहिला, मग तिनं तो मागं घेतला आणि ड्रेसला पुसला, लागलेलं काही नसताना पुसला. विकासनं माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडाकडं. किती वेळ ते माहीत नाही. मग हातातला तो तोडलेला बिबडा त्यानं परत धोतरावर ठेवला, त्याच्याच गोल ओल्या डागावर, बरोबर बसवून, आणि दोघं जिना उतरून गेले. तो बिबडा मी उचलला नाही. संध्याकाळपर्यंत वाळून कडक झाला, दातांच्या खुणांसकट.

आता हजीऱ्याला असतो. तिकडच्या कंपनीत. मुलगी झाली म्हणे, आनंदी नाव ठेवलं. तीन वर्षांची असेल. लिंबायत ते हजीरा जायला काय लागतं? फोन करायला तर तेवढंही नाही, नंबर गणेशकडं आहे. पण फोन करून म्हणायचं काय? 'हॅलो' म्हटल्यावर दुसरा शब्द कोणता?

म्हणून तो व्हिडिओ. स्वातीनं सांगितलं होतं, 'आई, शुद्ध बोला हां, सगळ्यांना कळलं पाहिजे,' आणि इंदुबाई शुद्ध बोलल्याही होत्या, ज्वारी किती, तीळ किती, ऊन किती दिवसांचं. पण शेवटी, सुनेनं 'झालं' म्हणायच्या आधी, कोणी न विचारता, जिभेवर घरची बोली आली आणि त्या बोलून गेल्या : "आन् अर्धा सुकेल बिबडा पुडीमा भरी धाडता येत नही. ज्याले खावाना व्हई, त्यानी घर येवाले पाहिजे."

स्वाती टाळ्या वाजवत म्हणाली होती, "वा आई! अर्धवट वाळलेला पाठवता येत नाही, खायला घरीच या! काय मस्त शेवट केलात, मार्केटिंग शिकलात तुम्ही."

शिकले मी.

जिन्याच्या खालच्या पायरीवर इंदुबाई थांबल्या. दम लागला होता. हातातल्या फोनवर तेच पेज उघडं होतं, सवयीनं बोट त्रिकोणावर गेलं. काळं. काळं येणार हे माहीत होतं, पण शेजारच्या भिंतीपलीकडं लूमची एवढी खडखड होती की आवाजही नीट ऐकू येईना, म्हणून त्यांनी फोन कानाला लावला. फोन आल्यासारखा. आणि डोळे, बघायला काही नव्हतं म्हणून, मिटले.

ज्वारी… तीळ… ऊन… हे सगळं गेलं. आणि मग ते शेवटचं. सकाळपासून वीसदा तरी त्यांनी हा व्हिडिओ लावला होता आणि एकदाही शेवटपर्यंत ऐकला नव्हता, कारण चित्र येत नाही हे कळलं की लगेच बंद. आता ऐकला. 'ज्याले खावाना व्हई' इथपर्यंत आवाज त्यांचाच होता, गल्लीभर जाणारा. मग तो खाली आला. 'त्यानी' — आणि तिथं एवढीशी फट, श्वासाएवढी — 'घर येवाले पाहिजे.' हे 'पाहिजे' हुकमाचं नव्हतं. हे कोणीतरी विचारत होतं. कोणीतरी म्हातारी बाई, दारात उभी राहून, आत बघायला घाबरणारी.

ही कोण?

इंदुबाईंनी फोन कानापासून दूर धरून त्या काळ्या चौकटीकडं बघितलं. पुन्हा कानाला लावला. पुन्हा तेच. हा आवाज माझा? मी अशी बोलते? कधी? नवरा गेला तेव्हासुद्धा मी अशी बोलले नव्हते, लोकांना कामं वाटून देत होते. त्यांना लाज वाटली, भर दुपारी कोणी अंगावरचा पदर ओढावा तशी, आणि त्याच वेळी — हे काय होतं? — त्या लाजेच्या आत काहीतरी हलकं झालं. तो हे ऐकेल. हे ऐकलं तर…

वर आल्यावर त्यांनी स्वातीला प्रमिलाबाईंच्या ओट्यावरचं सगळं सांगितलं. फोन एक, बघायच्या जागा दोन, एकीत आहे, एकीत नाही. स्वातीनं पहिल्यांदाच लॅपटॉपवरून मान वर केली.

"एकाच फोनमध्ये? दोन वेगळ्या ब्राउझरमध्ये?"

"ब्राउझर म्हण नाही तर काय म्हणायचं ते म्हण. माणूस तोच, कापड तेच."

"आई…" ती त्यांच्याकडं जरा वेगळंच बघत होती. "मी सकाळपासून पेजमध्येच शोधत बसले. पेजचं काही नाहीच. व्हिडिओच." मग ती भराभर बोलायला लागली, अर्धं स्वतःशी. तिचा नवा फोन व्हिडिओ नव्या पद्धतीनं बांधतो, जागा कमी लागावी म्हणून. काही ब्राउझरना ती चित्राची गाठ सोडताच येत नाही, ते काळं दाखवतात. आवाज मात्र जुन्याच पद्धतीनं बांधलेला असतो, म्हणून तो सगळीकडं येतो. "जुन्या पद्धतीनं पुन्हा बांधून चढवते. मग सगळ्यांना दिसेल. अर्धा-पाऊण तास."

सगळ्यांना दिसेल. हेच तर सकाळपासून हवं होतं.

लॅपटॉपवर एक हिरवी पट्टी भरत होती, फार हळू. इंदुबाई तिच्याजवळ बसल्या, उठल्या, गच्चीवर जाऊन बिबडे चाचपून आल्या, पुन्हा बसल्या. माठातलं पाणी प्याल्या. पट्टी निम्म्यावर. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायचं नाही असं ठरवून तीनदा बघितलं. त्यांना स्वातीला 'थांब' म्हणावंसं वाटत होतं आणि का ते सांगता येत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांना 'का' सांगावं लागलेलं नव्हतं. थांब म्हटलं की माणसं थांबायची.

"झालं. आता तुमच्या फोनवर बघा."

त्रिकोण. मुंगी. आणि ऊन.

आता त्यांनी नीट बघितलं. काचेखालून ट्यूबलाइट लावून बघावं तसं. ती बाई गच्चीवर बसली होती. पाठ ताठ. घाटा घेताना, थापताना, तिळाचं प्रमाण सांगताना तिची नजर समोरच्यावर एकदाही मऊ झाली नाही. आणि मग शेवट आला. 'ज्याले खावाना व्हई' — हनुवटी वर गेली. 'त्यानी' — ओठ मिटले, आवळले, ती श्वासाएवढी फट म्हणजे हे होतं, ओठ आवळणं — 'घर येवाले पाहिजे', आणि ते म्हणताना तिनं डावा हात पुढं करून पातेलं जवळ ओढलं. आपल्या अंगाशी. नुसतं सवयीनं, घाटा संपत आला की ओढतात तसं.

आवाज तोच होता. पण आता तो ऐकू येत नव्हता. चेहराच इतका मोठा होता की आवाजाला जागाच नव्हती.

हाच तो. विकासनं बघितला तो. मी आरशात रोज वेणी घालते तेव्हा मला हा का नाही दिसत?

"किती छान दिसताय, आई," स्वाती म्हणाली. "आता कुठंच अडकणार नाही."

"कुठंच नाही?"

"म्हणजे… अगदीच जुनी असतील काही, कधी अपडेट न केलेली. किंवा कोणी आधी उघडलेलं असेल तर त्याच्या फोनमध्ये तेच जुनं साठून राहिलेलं असतं, मग काळंच दिसत राहतं. त्याला आपण काही करू शकत नाही."

इंदुबाईंनी फोन मांडीवर पालथा ठेवला. स्वातीनं लॅपटॉप मिटला, चार्जरची वायर गुंडाळली, सावकाश, गरजेपेक्षा जास्त वेळ लावून, आणि मग त्यांच्याकडं न बघता म्हणाली,

"विकासभाऊजींचं नाव वर गेलंय. चार वाजून अकरा मिनिटांनी वाचलंय."



"मी विचारलं का?"

"नाही."

"मग?"

स्वातीनं वायर पिशवीत टाकली. ही तिची रीत. अंगाला लावून घ्यायचं नाही. पण आज इंदुबाईंना राग शोधूनही सापडला नाही. त्यांनीच विचारलं, खिडकीकडं बघत, "आणि तू नवं कधी चढवलंस?"

"चार-सव्वाचारच्या मध्ये केव्हातरी. नक्की नाही बघितलं, आई."

त्या गच्चीवर गेल्या. ऊन उतरलं होतं, बिबडे कोरडे झाले होते, धोतरावरून सोलताना कागदासारखे वाजत होते. तीनची वेळ केव्हाच टळून गेली होती. त्यांनी एक एक सोलून टोपल्यात रचायला घेतलं, आणि रचताना मन त्या अकरा मिनिटांशी जाऊन बसलं. चार वाजून अकरा मिनिटांनी त्यानं लिंक बघितली. बघितली म्हणजे उघडली असं नाही. उघडली असेल तर त्रिकोण दाबला असेलच असं नाही. दाबला असेल तर… हिरवी पट्टी तेव्हा भरून झाली होती की नव्हती? तो शिफ्टवरून सुटून बसमध्ये असेल. मोठमोठ्या टाक्या, चिमण्या मागं जात असतील, आणि त्याच्या हातात ऊन असेल की काळं? चेहरा असेल तर त्यानं तो ओळखला असेल आणि खिशात ठेवून दिला असेल. काळं असेल तर बसच्या आवाजात काही ऐकू येत नाही म्हणून त्यानं फोन कानाला लावला असेल. लावला असेल?

त्याचा फोन जुना असू दे.

हे मनात आलं आणि हातातला बिबडा तसाच राहिला. सकाळपासून मी जुन्या फोनला शिव्या देतेय. आणि आता कोणती आई असं मागते, की पोराकडं चांगला फोन नसू दे, त्याला नवा घ्यायला जमलेलं नसू दे, त्यानं काही अपडेट केलेलं नसू दे, काच फुटलेली असू दे… फक्त आवाज यावा. नको, हेही बरोबर नाही. त्याचं सगळं चांगलं असू दे. आनंदीला बघायला चांगला फोन असू दे, त्यावर चित्रं दिसू देत, सगळी चित्रं — फक्त एक सोडून.

पण मग पोरगी आजीला बघणार कशी?

खाली लूम वाजत होते. इंदुबाईंनी फोन काढला. बोटांना आता घाटा नव्हता, ज्वारीची कोरडी पूड होती. त्यांनी त्रिकोण दाबला आणि ऊन यायच्या आत फोन पालथा करून कानाला धरला, दुसऱ्या हातानं दुसरा कान झाकला, आणि ती म्हातारी बोलेपर्यंत थांबल्या. तीळ आला. ऊन आलं. आता येईल. हनुवटी आपोआप वर जायला लागली होती ती त्यांना जाणवली, आणि पहिल्यांदाच, ती खाली कशी आणतात ते त्या शोधू लागल्या.